पाय राखायचा की सोडायचा?

शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णालयात नातेवाइकांपुढे संमतिपत्र ठेवले जाते. कर्जाच्या कागदांवर जितक्या सहजपणे आपल्याकडे सह्या होतात, तितक्याच सहजपणे बहुतेक संमतिपत्रांवरही होतात. परंतु त्या मजकुरात ‘विच्छेदन’ हा शब्द दिसला की लेखणी थबकते. मुलाचा, भावाचा किंवा वडिलांचा पाय कापून टाकण्यास अनुमती द्यायची, या कल्पनेनेच घर हादरते आणि ‘खर्च कितीही येवो, पण पाय वाचवा’ असे शल्यविशारदांना सांगितले जाते. हे बोलणे अगदी स्वाभाविक आहे. मात्र पाय वाचणार की नाही, हे त्या सहीच्या क्षणी क्वचितच ठरते. अपघातात ते पहिल्या काही तासांत बरेचसे ठरून गेलेले असते आणि हाडाच्या गाठीत पहिल्या काही आठवड्यांत. हे तास आणि हे आठवडे बहुधा रुग्णालयाबाहेर, घरच्यांच्या हातीच जातात.

दीडशे वर्षांपूर्वी हा प्रश्नच फारसा उद्भवत नसे. हाड मोडून कातडीबाहेर आले की पाय कापणे हाच उपाय होता, कारण जखम सडून रुग्ण दगावण्याची भीती मोठी असे. १२ ऑगस्ट १८६५ रोजी ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत गाडीचे चाक पायावरून गेलेला अकरा वर्षांचा एक मुलगा आला. जोसेफ लिस्टर यांनी त्याच्या उघड्या जखमेवर कार्बोलिक आम्लात भिजविलेल्या कापडाची पट्टी बांधली. जखम सडली नाही आणि साधारण सहा आठवड्यांत हाड सांधले. अवयव राखण्याच्या शस्त्रक्रियेचा पाया खऱ्या अर्थाने तेथे घातला गेला. पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी, २३ मे १९६२ रोजी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. रोनाल्ड माल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मालगाडीखाली खांद्यापासून तुटलेला बारा वर्षांच्या मुलाचा हात पुन्हा जोडला. दुसऱ्याच वर्षी शांघायमध्ये डॉ. चेन झोंगवेई यांनी एका कामगाराचा तुटलेला पंजा जोडला. आज अशा शस्त्रक्रिया मुंबई-पुण्यातही होतात. मात्र तुटलेला भाग योग्य स्थितीत आणि वेळेत पोहोचला पाहिजे.

व्यापारी कुटुंबांचा अशा अपघातांशी वाटतो त्याहून जवळचा संबंध आहे. डाळ मिलचा पट्टा, जिनिंगचे यंत्र, गोदामात उतरवताना घसरलेली लोखंडी पट्टी, दुकानाचे शटर, आणि महामार्गावरची मोटरसायकल ही नेहमीची कारणे होत. जखमी होणारा कधी घरातला असतो, अधिक वेळा हमाल किंवा कामगार असतो, आणि त्या क्षणी निर्णय घेणारा मात्र मालक असतो. म्हणून पुढील गोष्टी गादीवर बसणाऱ्या प्रत्येकाने माहीत करून घ्याव्यात. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने जखमेवर थेट आणि सतत दाब द्यावा. दाबाने न थांबणारा, जिवावर बेतणारा रक्तस्राव असेल तरच वरच्या बाजूस रुंद पट्टा आवळावा आणि तो किती वाजता आवळला हे लिहून ठेवावे. तुटलेला भाग पाण्यात बुडवू नये, त्यास हळद लावू नये, आणि बर्फावर उघडा तर कदापि ठेवू नये. बर्फाने पेशी गोठून मरतात. तो ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावा, पिशवीचे तोंड घट्ट बंद करावे आणि मग ती पिशवी बर्फमिश्रित पाण्यात ठेवावी. स्नायू असलेला मोठा अवयव थंड न ठेवल्यास साधारण सहा तासांत निकामी होऊ लागतो. बोटात स्नायू नसतात, म्हणून त्यास काहीसा अधिक अवधी मिळतो.

अवयव तुटला नाही, पण हाड जखमेतून बाहेर आले, तर प्रतिजैविकाचे इंजेक्शन शक्यतो तासाभरात मिळावे. गावातल्या साध्या दवाखान्यातही ते मिळू शकते. मोठ्या शहराच्या ओढीने मधला दवाखाना टाळून पुढे जाणारी गाडी हा तास वाया घालविते.

हाडवैद्याकडे जाण्याची रीत अद्याप पुष्कळ घरांत आहे. साध्या मुरगळीवर त्याच्या हाताने आराम पडतो, म्हणून मोडलेल्या हाडासाठीही त्याच्यावर भरवसा टाकला जातो. बांबूच्या कामट्या लावून घट्ट आवळलेल्या पट्टीने रक्तप्रवाह बंद पडतो आणि मुलाचा साधा मोडलेला हात काळा पडून कापावा लागतो, अशी प्रकरणे अस्थिरोगतज्ज्ञांना नवी नाहीत. पट्टी असो वा प्लास्टर, ते बांधल्यावर वेदना कमी होण्याऐवजी वाढत गेली, बोटे सुन्न किंवा गार पडली, ती हलविताना किंकाळी फुटू लागली, तर सकाळची वाट पाहू नये. रात्री दोन वाजताही ती पट्टी सोडवून घ्यावी.

पाय चिरडला गेला असेल तेव्हा राखणे आणि कापणे यांतला निर्णय पूर्वी डॉक्टरच्या अनुभवावर सोपविलेला असे. या बाबतीत भारताने जगाला एक उपयुक्त मापन दिले आहे. कोइंबतूरचे गंगा हॉस्पिटल १९७८ साली डॉ. जे. जी. षण्मुगनाथन या भूलतज्ज्ञांनी पत्नीसह सुरू केले. त्यांचा एक पुत्र, डॉ. राजशेखरन, अस्थिशल्यविशारद, तर दुसरा, डॉ. राजा सबापती, सुघटनशल्यविशारद. हाड सांधणारा आणि त्यावर त्वचा-मांस पांघरणारा असे दोघे भाऊ एकाच छताखाली पहिल्या दिवसापासून रुग्ण पाहतात. एकत्र कुटुंबाच्या पेढीचे बळ जाणणाऱ्या वाचकांस यातील लाभ निराळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. तेथे तयार झालेल्या गुणपद्धतीत त्वचा, हाड आणि स्नायू-स्नायुबंध यांना प्रत्येकी एक ते पाच गुण देतात. त्याखेरीज औषधांवर असलेला मधुमेह, पासष्टीपुढील वय, घसरलेला रक्तदाब, शेणमातीने माखलेली जखम, बारा तासांहून अधिक झालेला विलंब, अशा प्रत्येक प्रतिकूल बाबीस दोन गुण वाढतात. बेरीज १४ किंवा त्याहून कमी असेल तर पाय राखण्याचा प्रयत्न करावा, १७ किंवा त्याहून अधिक असेल तर विच्छेदनाचा विचार करावा, आणि मधल्या रुग्णांत अनुभवी डोळ्यांनी ठरवावे असा त्याचा आशय आहे. विलंबाचे ते दोन गुण म्हणजे नातेवाइकांच्या खात्यावर पडलेली नोंद होय. १३ आणि १५ यांतील अंतर तेवढेच असते.

राखलेला पाय नेहमीच चांगला असतो का? या प्रश्नाचे अमेरिकेतील उत्तर अनपेक्षित होते. तेथील आठ केंद्रांत पायाला गंभीर इजा झालेल्या ५६९ रुग्णांचा दोन वर्षे पाठपुरावा करण्यात आला आणि त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. पाय राखलेले आणि पाय कापलेले यांच्या एकंदर जीवनमानात फारसा फरक आढळला नाही; दोन्ही गटांत कामावर परतलेले सुमारे निम्मेच होते. राखलेल्यांना पुन्हा पुन्हा रुग्णालयात भरती व्हावे लागले. रुग्णाचे शिक्षण, आर्थिक स्थिती, धूम्रपान, स्वतःवरील विश्वास आणि पाठीशी उभे राहणारे आप्त यांचा परिणाम मात्र ठळक होता. नंतर त्याच अभ्यासातून आयुष्यभराच्या खर्चाचा अंदाज काढला गेला, तेव्हा कापलेल्या पायाचा खर्च राखलेल्याच्या सुमारे तिप्पट निघाला, कारण कृत्रिम पाय झिजतो आणि दर काही वर्षांनी बदलावा लागतो. हे आकडे अमेरिकेतील महागड्या कृत्रिम पायांचे आहेत, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

आता गाठीकडे वळू. अपघात निदान दिसतो तरी. हाडातली गाठ महिनोन्महिने कोणाच्याच ध्यानात येत नाही. हाडाचा सर्वांत आढळणारा प्राथमिक दुष्ट अर्बुद, ज्यास ऑस्टिओसार्कोमा म्हणतात, तो बहुधा दहा ते वीस या वाढीच्या वयात होतो आणि निम्म्याहून अधिक वेळा गुडघ्याच्या आसपास होतो. हे वय खेळण्याचे, पडण्याचे. त्यामुळे ‘खेळताना लागले असेल’ हे उत्तर घरात तयारच असते. कॅनडाचा टेरी फॉक्स हा तरुण याचे जगप्रसिद्ध उदाहरण आहे. बास्केटबॉलचा हंगाम संपेपर्यंत त्याने उजव्या गुडघ्यातली वेदना कोणाला सांगितली नाही. १९७७ साली, अठराव्या वर्षी, त्याचा पाय गुडघ्यावरून कापावा लागला. कृत्रिम पायावर १९८० साली तो १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला, पण रोग फुप्फुसांत पोहोचला होता. पुढल्या वर्षी बावीस वर्षांचा असताना तो गेला.

दुखणे साधे की घातकी हे ओळखण्याची एक ढोबळ खूण आहे. खेळातली दुखापत विश्रांतीने कमी होते आणि रात्री झोप लागते. गाठीची वेदना विश्रांतीत आणि रात्रीही राहते, आठवड्यागणिक वाढते, आणि पुढे गुडघ्याशी टणक सूज हाताला लागते. वाढत्या मुलाचे एकाच जागचे असे दुखणे दोन-तीन आठवड्यांत थांबले नाही तर एक्स-रे काढावा. त्याचा खर्च एका पिझ्झ्याहून फार नसतो. याउलट गुडघ्यास तेल लावून चोळणे, शेकणे, मालीश करणे यांत महिने जातात, आणि गाठीवर जोराने मालीश करू नये असे तज्ज्ञ आवर्जून सांगतात.

एक्स-रेत शंका आली की यापुढची पायरी सर्वांत नाजूक असते. तिच्याविषयीचे अज्ञान मात्र सर्वांत अधिक आहे. ही पायरी म्हणजे बायोप्सी, गाठीचा तुकडा काढून तपासणे. ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ हा समज खोटा आहे. परंतु बायोप्सी कोणी आणि कोठून घेतली याला फार महत्त्व आहे. सुई ज्या वाटेने आत जाते ती वाट दूषित धरली जाते आणि अंतिम शस्त्रक्रियेत गाठीबरोबर ती सगळीच काढावी लागते. म्हणून जो शल्यविशारद गाठ काढणार, त्यानेच किंवा त्याच्या देखरेखीखाली, पुढील छेदाची रेषा धरून बायोप्सी घ्यावी. गावातल्या डॉक्टरांनी भल्या हेतूने आडवा छेद घेतला तर राखता येणारा पाय कापण्याची वेळ येऊ शकते. अमेरिकेत १९८२ साली ३२९ रुग्णांचा असा हिशेब प्रसिद्ध झाला. त्यांपैकी साडेचार टक्के रुग्णांना केवळ चुकीच्या बायोप्सीमुळे अनावश्यक विच्छेदनाला सामोरे जावे लागले होते. गाठीमुळे ठिसूळ झालेले हाड मोडते आणि साधा अस्थिभंग समजून त्यात सळई ठोकली जाते, हाही असाच प्रकार. सळईबरोबर रोग हाडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचतो. किरकोळ धक्क्याने मोठे हाड मोडले असेल, तर ‘हे इतक्या सहज का मोडले?’ असे शस्त्रक्रियेपूर्वी विचारण्याचा अधिकार नातेवाइकांस आहे, आणि तो त्यांनी बजावावा.

उपचारांची दिशा कशी पालटली याची कथा मोठी रंजक आहे. १९७० पूर्वी पाय कापूनही दहांपैकी आठ रुग्ण दगावत, कारण निदान होईतो रोगाचे सूक्ष्म कण रक्तावाटे फुप्फुसांत गेलेले असत. पुढे केमोथेरपीची औषधे आली. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग रुग्णालयात गाठ असलेले हाड काढून त्या जागी रुग्णाच्या मापाचा धातूचा सांधा बसविण्याचे प्रयत्न सुरू झाले. तो सांधा घडवून यायला दोन-तीन महिने लागत. तोवर रुग्णाला नुसते बसवून ठेवायचे कसे? म्हणून डॉ. जेराल्ड रोझेन आणि सहकाऱ्यांनी त्या अवधीत औषधे द्यावयास आरंभ केला. शस्त्रक्रियेच्या वेळी गाठ आक्रसलेली आणि बऱ्याच अंशी मेलेली आढळली. कारखान्याच्या विलंबातून निघालेली ही रीत आज जगभर मानली जाते: प्रथम केमोथेरपी, मग शस्त्रक्रिया, मग उरलेली केमोथेरपी. फुप्फुसांत रोग न पोहोचलेले दहांपैकी सहा-सात रुग्ण आज चांगल्या केंद्रांत वाचतात, आणि आठ-नऊ जणांचा अवयव राखता येतो.

आपल्याकडे या कार्याचे प्रमुख केंद्र म्हणजे परळचे टाटा स्मारक रुग्णालय. ते १९४१ साली सुरू झाले. परदेशांत मेथोट्रेक्सेट या औषधाची फार मोठी मात्रा देतात; त्यासाठी रक्तातील प्रमाण वारंवार मोजावे लागते आणि खर्चही भारी येतो. टाटा रुग्णालयाने ते वगळून, अन्य औषधांवर आधारलेली, भारतीय रुग्णांस पेलणारी उपचारपद्धती वापरात आणली. आयात सांध्यापेक्षा पुष्कळ स्वस्त असा देशी बनावटीचा धातूचा सांधाही तेथे विकसित झाला. आणखी एक युक्ती काटकसरी मनाला विशेष भावेल. मांडीच्या किंवा नडगीच्या हाडाच्या मधल्या भागात गाठ असेल तर तो भाग काढतात, गाठ खरवडून टाकतात, आणि तेच हाड किरणोत्सर्गाची मोठी मात्रा एकदाच देऊन, साधारण ५० ग्रे, निर्जीव करून पुन्हा जागच्या जागी बसवितात. रुग्णाचे स्वतःचे हाड, म्हणून माप अचूक. दात्याच्या हाडाची आवश्यकता नाही. ते दोन्ही टोकांना सांधण्यास मात्र अनेक महिने लागतात आणि तोवर कुबड्या सुटत नाहीत.

हाडातली प्रत्येक गाठ दुष्ट नसते. वीस ते चाळीस या वयात आढळणारा जायंट सेल ट्यूमर बहुधा सौम्य असतो. तो खरवडून काढून पोकळीत अस्थिसिमेंट भरले की पुष्कळांचा सांधा टिकतो. तो परत उद्भवण्याचा संभव असतो, म्हणून तपासण्या चुकवू नयेत.

आणि तरीही काही रुग्णांत पाय सोडावा लागतो. गाठीने मुख्य रक्तवाहिनी व चेता गिळली असेल, जखम फुटून सडली असेल, किंवा स्वच्छ कडा ठेवून गाठ निघण्यासारखी नसेल, तर राखलेला पाय पुढे जीव घेतो. येथेच कुटुंबे अडखळतात. दुसरे मत, तिसरे मत, मग कोणीतरी सांगितलेली जडीबुटी, असे करीत केमोथेरपीचे चक्र मोडते आणि राखता येण्याजोगा जीवही हातचा जातो. दुसरे मत अवश्य घ्यावे, परंतु ते अस्थिकर्करोगाचे काम नित्य करणाऱ्या केंद्राचे घ्यावे आणि आठवड्याच्या आत घ्यावे.

मुलगी आजारी असेल तर आणखी एक गोष्ट घडते; ती सांगितलीच पाहिजे. उद्या स्थळे येणार नाहीत म्हणून आजार लपविला जातो, शहरातल्या नात्यातही कळू दिले जात नाही, आणि परगावी उपचार घेताना आई एकटी पडते. ज्या समाजात लग्नाच्या पंगतीला हजार माणसे जमतात, तेथे रुग्णालयाच्या बाकावर डबा घेऊन येणारे दोन आप्त नसावेत, हे समाजाला शोभत नाही. बाहेरगावच्या रुग्णांसाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे. अशा निवाऱ्याचे मोल मुंबईत आठ-दहा महिने काढणाऱ्यालाच कळते.

लहान मुलांत गुडघ्याची गाठ काढताना रोटेशनप्लास्टी नावाची एक शस्त्रक्रिया करतात. गुडघ्याचा भाग काढून खालचा पाय उलटा फिरवून मांडीला जोडतात. मग घोट्याचा सांधा गुडघ्याचे काम करतो आणि त्यावर कृत्रिम पाय बसतो. दिसायला विचित्र, म्हणून पालक प्रथम नाकारतात. मूल मात्र त्यावर धावते, सायकल चालविते. मांडीतून विच्छेदन झालेल्यांस कृत्रिम गुडघाही लागतो आणि चालणे शिकायला अधिक वेळ जातो. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी घडविलेल्या ‘जयपूर फूट’ने पाट्यावर बसणे, उकिडवे होणे आणि अनवाणी मंदिरात जाणे शक्य केले. भगवान महावीर विकलांग सहायता समिती तो १९७५ पासून विनामूल्य बसविते.

आपल्या घरांत उपवासाचा प्रश्न निघतोच. केमोथेरपीच्या काळात शरीराला प्रथिने आणि पाणी यांची नितांत गरज असते. पेशी घटलेल्या असताना उपवासाने संसर्गाचा धोका वाढतो. मळमळ ओसरते ती कधी सूर्यास्तानंतर. अशा वेळी काय करावे हे घराने गुरुमहाराजांस आणि डॉक्टरांस आधीच विचारून ठेवावे, म्हणजे त्या मुलाला ताटावर अपराधी वाटणार नाही. दूध, पनीर, डाळी यांतून शाकाहारी रुग्णाची गरज भागते. केमोथेरपीपूर्वी वयात आलेल्या मुलाचे वीर्य साठवून ठेवण्याची सोय असते. संकोचापायी ते विचारायचे राहून जाते.

धातूचा सांधा बसला म्हणजे काम संपले असे नव्हे. पहिली दोन वर्षे साधारण दर तीन महिन्यांनी, पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी, आणि नंतर वर्षातून एकदा छातीची आणि पायाची तपासणी करावी लागते. सांध्याभोवती लाली, सूज किंवा ताप आल्यास घरी प्रतिजैविक घेऊन थांबू नये. धातूवर जंतुसंसर्ग बसला तर सांधा काढावा लागतो. दहा-पंधरा वर्षांत तो सैलही होतो आणि बदलावा लागू शकतो. हे सैल होणे दोन चित्रे शेजारी ठेवल्याशिवाय ओळखता येत नाही. म्हणून दर खेपेस पहिल्यापासूनच्या सर्व एक्स-रे फिल्म आणि बायोप्सीचा मूळ अहवाल एका फाइलीत, तारखेनुसार लावून न्यावा.